कचरा वर्गीकरण : घरगुती वर्तनावरील सामाजिक प्रभाव (कोल्हापूर)

घरातला कचरा ओला, सुका व घातक असा वेगळा ठेवण्याच्या सवयीवर शेजार, भावकी, तरुण मंडळे आणि नगरव्यवस्था यांचा होणारा परिणाम. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे वर्गीकरण घरोघरी बंधनकारक केले.

ही सवय नियमांनी आणली की ती जुनीच आहे, याविषयी मतभेद संभवतो. कोल्हापूरच्या पेठांत भाजीचे देठ व शिळी भाकरी दारच्या म्हशीपुढे जात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळते. रद्दी भंगारवाल्याकडे, जुनी लुगडी बोहारणीकडे जात आणि दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळत पडे. काही जण यालाच पुनर्वापराची परंपरा मानतात. मात्र तिच्या मुळाशी मोल होते, लोकलाज नव्हे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. घरामागची परडी बुजून फ्लॅट उभे राहिले, म्हशी कमी झाल्या, तेव्हा सुक्याला भंगारवाला उरला; ओल्याला गिऱ्हाईक राहिले नाही. सामाजिक प्रभावाची खरी गरज इथूनच सुरू होते.

हा प्रभाव नेमका कसा चालतो, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ चाल्डिनी व सहकाऱ्यांनी (१९९०) ‘लोक काय करतात’ आणि ‘लोकांना काय पसंत आहे’ ही दोन प्रमाणके (वागण्याचे सामाजिक दंडक) वेगळी केली. आधीच घाण असलेल्या जागी माणूस सहज कचरा टाकतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. माणूस एखादी गोष्ट का करतो, याच्या आयझेन (१९९१) यांच्या मांडणीत वृत्ती आणि करणे हातात असल्याची जाणीव यांच्याबरोबर सामाजिक दबाव हा एक घटक आहे. श्वार्ट्झ यांचा भर मात्र आतून वाटणाऱ्या नैतिक बांधिलकीवर आहे. हॉपर व नील्सन (१९९१) यांनी हे दोन्ही धागे जोडले : पुनर्चक्रीकरणाविषयीच्या नुसत्या सूचनापत्रकाने वर्तन बदलले, पण गल्लीतल्याच माणसाने दारोदार जाऊन सांगितले तेव्हा प्रमाणकेही बदलली. शुल्ट्झ (१९९९) यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात आपल्या वस्तीचा आढावा कळवल्यावर पुनर्चक्रीकरणातला घरांचा सहभाग वाढला. कोल्हापूरच्या गल्लीला हॉपर–नील्सन यांचे विवेचन अधिक जवळचे आहे. इथे तालमीतल्या वडीलधाऱ्याचा शब्द भिंतीवरच्या फलकापेक्षा जड असतो.

कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात कोणी काय टाकले, हे कळत नसे. कचरागाडी (टिप्पर) दारात आल्यावर बादली चारचौघांदेखत रिकामी होते आणि मिसळलेला कचरा लपत नाही. उलट, वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एक झालेला दिसला, तर महिन्यांची सवय मोडते, आणि तिचा दोष घरांवर ढकलणे अन्यायाचे आहे. मिसळलेल्या ढिगातून काच आणि डायपर उपसणाऱ्या कचरावेचक महिलांना त्याची झळ सर्वांत आधी लागते.

सार्वजनिक अनुकरणाचे सर्वांत ठळक स्थानिक उदाहरण पंचगंगा घाटावरचे आहे. साधारणतः १९९० च्या दशकापासून पुरोगामी संघटनांनी गणेश विसर्जनावेळी मूर्ती व निर्माल्य नदीत न सोडता दान देण्याचा आग्रह धरला. सुरुवातीस त्याला विरोध झाला. कालांतराने पुढच्या कुटुंबाने निर्माल्य वेगळे दिलेले पाहून मागचेही देऊ लागले. होळीत शेणी न जाळता स्मशानभूमीला देण्याची प्रथाही अशीच पसरली. सणाची ही शिस्त रोजच्या बादलीत आपोआप उतरत नाही, कारण तिथे पाहणारे कमी असतात. अपार्टमेंटमध्ये तर सर्वांचा कचरा एकाच पिंपात जातो आणि वर्गीकरणाचा भार सफाई करणाऱ्या बाईवर पडतो.