डोपामिन बिचारं उगाच बदनाम

रंगपंचमीला नाशिकच्या जुन्या वस्तीत पेशवेकाळातल्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. माझी चौदा वर्षांची भाची तिवंधा चौकातून ओळखू येणार नाही इतकी रंगून आली आणि अंगावर पाणी घ्यायच्या आधी तिने फोटो टाकला. जेवताना फोन ताटाशेजारी पालथा. दोन घास झाले की उलटायचा, बघायचा, परत पालथा. "आधी जेव गं, वरण गार झालं," ताईचं चालूच.

नेमका त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर संदेश आला : मोबाइलमुळे मुलांच्या मेंदूत डोपामिन हे आनंदाचं रसायन साचतं, २१ दिवसांचं 'डोपामिन डिटॉक्स' करा. याच ग्रुपवर मागे फोनला चिकटवायचे रेडिएशनरोधक स्टिकर फिरत होते, त्यामुळे मी दचकलो नाही. पण डोपामिन हे काही साचलेलं विष नाही. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो आणि साधा चमचा तोंडापर्यंत नेणं अवघड होतं. आता यातून कसलं शुद्धीकरण करायचं?

शिवाय ते धड आनंदाचंही रसायन नाही. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत-ठोके मोजत होते. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की ठोके एकदम वाढत. मग त्यांनी थेंबाच्या थोडं आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला ती सवयीची झाल्यावर ठोके खुणेलाच वाढू लागले, आणि रस मिळाल्यावर काहीच नाही! रस तोच, माकड तेच. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता बरोबर त्या क्षणी ठोके नेहमीपेक्षा खाली गेले. म्हणजे या पेशी रस मोजत नव्हत्या. मिळालं किती वजा वाटलं होतं किती, ही वजाबाकी त्या करत होत्या.

भाचीचं उदाहरण घेऊ. तिला ५० लाइक वाटले होते, आले ८०. फरक अधिक ३०. मेंदू त्यातला समजा पाचवा हिस्सा शिकला, तर पुढची अपेक्षा ५६. पुढच्या फोटोला ५६ आले, तर फरक शून्य. परवा ज्या आकड्यावर तिने उडी मारली असती, तो आज नुसता आकडा. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवलं की यंत्रांना शिकवण्यासाठी संगणकशास्त्रात जे 'कालांतर शिक्षण' वापरतात त्याच्याशी हे जुळतं : फरक म्हणजे आत्ताचं बक्षीस, अधिक पुढच्या क्षणाची थोडी घटवलेली अपेक्षा, वजा या क्षणाची अपेक्षा. (हे वाक्य डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, पुढचं कळेल.)

२००३ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गंमत पाहिली. खूण दिसल्यावर रस मिळण्याची शक्यता त्यांनी बदलून पाहिली. नक्की मिळणार किंवा नक्की नाही, अशा वेळी मधला काळ शांत. शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा मात्र ठोके वाट पाहता पाहता चढत गेले, आणि तिथेच सगळ्यात जास्त. पालथा फोन म्हणजे नेमकी ही निम्मी-निम्मी अवस्था.

माकडावरून मुलीवर उडी मारताना जपून. तरी २०१६ चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसमध्ये ३२ किशोरवयीन मुलांना स्कॅनरमध्ये ठेवून फोटो दाखवले. लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले. आपल्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाशी संबंधित भाग जास्त उजळला. स्कॅनर रक्तातला प्राणवायू टिपतो, डोपामिन नव्हे, हे खरं. पण दुसऱ्याच्या फोटोलाही 'बरं आहे' म्हणायचं की नाही, हे मुलं आधीचा आकडा बघून ठरवत होती. आपण कोण, आपल्याला काय आवडतं, हे ज्या वयात ठरायचं त्या वयात. 'सगळे आपल्याकडेच बघताहेत' हा या वयाचा भास मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच नोंदवला होता. आता त्या प्रेक्षकांची मोजदाद होते, एवढंच.

म्हणून फोनने पिढी बुडाली असंही नाही. २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या समाधानातला जेमतेम ०.४ टक्के फरक मोबाइलसारख्या पडद्यांच्या वापराशी जोडता आला. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला.

वजाबाकीतली दुसरी संख्या, म्हणजे अपेक्षा, कुठून येते हे मात्र त्या दिवशी ताटावरच कळलं. भाचीने फोन उलटा केला आणि डोळे चमकले.

"एकशे बारा!"

ताई ताक वाढता वाढता म्हणाली, "हो? पण समोरच्या श्रेयाला तर दोनशे आले होते ना गं?"

भाचीने फोन परत पालथा घातला.