शंभर ऑक्टेन कुणाच्या टाकीत?

इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी शंभर ऑक्टेनचं एक्सपी१०० पेट्रोल देशातल्या दहा शहरांत आणलं. त्यात मुंबई आणि पुणेही होती. भाव तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये. सुरुवातीला सुपरबाइकवाले आणि पोर्शेवाले सोडले, तर त्या नोझलकडे कुणी फारसं वळत नव्हतं. साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि गिऱ्हाईक बदललं. आता दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचा मालकही पंपावर विचारतो, "शंभरवालं आहे का? त्यात इथेनॉल नसतं ना?"

या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या इंजिनाला ऑक्टेन किती लागतं, हा पहिला. आपल्या गाडीला इथेनॉल चालतं का, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच नोझलमध्ये मिळतं म्हणून ते एकच आहेत असं वाटतं, एवढंच.

आधी ऑक्टेन. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. हे सगळं काही हजारांश सेकंदांत घडतं. पण ज्योत पोचण्याआधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापू शकतं की ते आपलं आपणच पेट घेतं. मग सिलिंडरभर दाबाच्या लाटा आपटतात. बोरघाटात गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की जुन्या गाडीतून जी बारीक टकटक ऐकू येते, ती हीच. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. हे फार दिवस चाललं तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात.

पेट्रोल या दबावाखाली किती वेळ कळ काढतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन आकडा. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी बसवली. एका टोकाला लगेच नॉक होणारं हेप्टेन, त्याला शून्य. दुसऱ्या टोकाला आयसोऑक्टेन, त्याला शंभर. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, कमीजास्त करता येईल अशा चाचणीच्या इंजिनात आपलं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागेल, त्यातल्या आयसोऑक्टेनची टक्केवारी हा त्याचा आकडा. या मापात ताकद कुठेच नाही. शंभर ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये ९१ च्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त असते, असं काही नाही.

मग महागडं पेट्रोल कशाला? कारण काही इंजिनं मुद्दाम काठावर चालवलेली असतात. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात कॉम्प्रेशन रेशो सात-आठच्या घरात असायचा. आताच्या पोर्शे ९११ जीटी३ मध्ये तो १३.३ आहे. टर्बो असला तर हवा आत येतानाच दाबलेली असते. जास्त दाबल्याने त्याच इंधनातून जास्त काम निघतं, पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. म्हणून अशा गाड्यांच्या टाकीच्या झाकणाआड ९५ किंवा ९८ असा आकडा छापलेला असतो.

साधं पेट्रोल भरलं म्हणून या गाड्या लगेच फुटत नाहीत. इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक छोटा नॉक सेन्सर असतो. दाब बसला की वीज निर्माण करणारा स्फटिक त्याच्या पोटात असतो. साधारण ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये नॉकिंगचा सूर सेकंदाला साडेसहा-सात हजार कंपनांच्या आसपास लागतो, आणि सेन्सर नेमका तोच सूर ऐकत बसलेला असतो. सूर ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठिणगीची वेळ अंशा-दोन अंशांनी मागे नेतो आणि धोका टळल्यावर हळूहळू पुन्हा पुढे आणतो. ठिणगी मागे गेली की थोडी ताकद जाते आणि ॲव्हरेजही पडतं. स्पोर्ट्‌स कारमध्ये चांगल्या पेट्रोलचा फायदा जाणवतो तो असा: ईसीयूला माघार घ्यावी लागत नाही. ज्या गाडीची रचनाच ९१ साठी झाली आहे, तिच्यात मुळात माघार घेण्याची वेळ येत नाही. तिथे शंभर ऑक्टेनचे जादा पैसे धुराड्यातून जातात.

आता इथेनॉल. इथे गंमत अशी की इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास आहे. म्हणजे पेट्रोलचं ऑक्टेन वाढवायचं तर ते मिसळणं हा जुना, सरळ उपाय. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने १९२१ मध्ये अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल स्वतः वापरून दाखवलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला टेट्राएथिल लेड सापडलं. ते अगदी चिमूटभर पुरायचं आणि त्याचं पेटंटही घेता येत होतं. पुढे जवळपास शंभर वर्षं जगाने पेट्रोलमधून शिसं हवेत सोडलं. भारताने ते २००० मध्ये थांबवलं, आणि सर्वात शेवटी अल्जीरियाने, २०२१ मध्ये. आपल्याकडे अल्कोहोल टाकीत यायला इतका काळ जावा लागला, हे मला तरी फारसं कौतुकाचं वाटत नाही.

बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ पर्यंत जातं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे साधं ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आणि ९५ ऑक्टेनचं महागडं प्रीमियम पेट्रोल यांत ऑक्टेनचं अंतर फारसं उरलेलं नाही. जास्तीचे पैसे मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे. आणि ९५ च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच. प्रीमियम घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं, ही समजूत इथे कोसळते. सहसा टळतं ते शंभर ऑक्टेनवाल्या पेट्रोलमध्ये.

रेसिंगवाल्यांना तर इथेनॉलचा तिटकारा मुळीच नाही. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यती २००७ पासून इथेनॉलवर धावतात. डॉज चॅलेंजर डीमन १७० ही गाडी १० टक्के इथेनॉलवर ९०० हॉर्सपॉवर देते आणि ई८५ वर, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर, १०२५. स्वीडनची कोनिगसेग येस्को पेट्रोलवर १२८०, ई८५ वर १६००. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. ती उष्णता ते आत येणाऱ्या हवेतूनच ओढून घेतं. हवा गार आणि दाट होते, नॉकिंग लांबतं, टर्बोला आणखी दाब देता येतो. अट एकच, की पंप, इंजेक्टर, रबरी नळ्या आणि ईसीयू या सगळ्यांची तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

अडतं ते नेमकं इथेच. युरोप-अमेरिकेत बनलेल्या गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक स्पोर्ट्‌स कार दहा टक्के इथेनॉल गृहीत धरून बनल्या आहेत, वीस नाही. त्यांच्या मालकांची कुरकुर वायफळ नाही. आपल्याकडे ई२० साठीचं साहित्य वापरलेल्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून आल्या. त्याआधीच्या गाडीला पर्याय म्हणून साधं इथेनॉलमुक्त पेट्रोल पंपावर ठेवा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा पर्याय शंभर ऑक्टेनचा, आणि तो खिशाला परवडत असेल तरच.

ॲव्हरेजचं गणित सरळ आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही शून्य इथेनॉलसाठी बनलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के फटका धरलेला आहे, दुचाकींना ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के. गाडी "निम्म्यावर आली" असं कुणी सांगितलं तर टायरची हवा आणि ब्रेक चिकटलाय का, ते आधी पाहावं.

खरी पंचाईत कार्ब्युरेटरवाल्यांची. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. आरएक्स१०० किंवा जावासारख्या जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच राहतं. मिश्रण हवेकडे झुकतं आणि इंजिन तापतं. शिवाय जुनी रबरी नळी फुगून मऊ पडते, आणि फायबरग्लासच्या टाकीचा रेझिनही काही वेळा सुटू लागतो. हे सगळं चार दिवसांत होत नाही, पण होतं.

पाण्याबद्दल जेवढी भीती पसरली आहे, तेवढी ती खरी नाही. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे साधारण चमचाभर पाणी विरघळवून ठेवतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त. नुसत्या दमट हवेने तेवढं पाणी टाकीत यायला बराच काळ लागतो. झाकणाचं रबर गेलेलं असलं किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं, तर मात्र मर्यादा ओलांडते. मग पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं असतं, म्हणजे त्याचं ऑक्टेनही घसरलेलं असतं.

टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मोकळ्या हवेत, जवळ कुठेही आग नसताना, शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि त्यावर शंभरच्या खुणेपर्यंत, म्हणजे बरोबर नव्वद मिलिलिटर, पेट्रोल ओतायचं. बूच लावून हलवायचं, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ सोडायची, मग दहा मिनिटं ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. तो पंचविशीच्या पुढे चढला तर समोर ई२० आहे. तपासलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचं नाही, आणि गटारात तर नाहीच.

पावसाळाभर आच्छादनाखाली उभी राहणारी स्पोर्ट्‌स कार किंवा जुनी मोटरसायकल असेल, तर शेवटची टाकी शंभर ऑक्टेनची असू द्यावी आणि ती काठोकाठ भरावी. दमट हवेला आत जागाच कमी उरते. रोज कामावर नेणाऱ्या २०२३ नंतरच्या गाडीत मात्र जे नोझल स्वस्त, ते घ्यावं.