दूरशिक्षणातला गुणवंत शिक्षक म्हणजे नेमका कोण? मराठवाड्यातली पार्श्वभूमी

‘दूरशिक्षण’ हा शब्द मराठवाड्यातल्या गुरुजींना नवा नव्हता. फक्त त्यात विद्यार्थी ते स्वतः असायचे. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरी सांभाळून बी.एड. करायची सोय झाली. सुट्ट्यांतले संपर्क वर्ग, स्वाध्यायांची बाडं, रात्रीच्या एसटीनं परतणं, हे झालं दूरशिक्षण. २०२० मध्ये हाच शब्द उलटा फिरला. आता गुरुजी शिकवणारे आणि दूर बसलेली पोरं दुसरी-तिसरीतली. पुढे गुणवंत शिक्षकांच्या गौरवासाठी गेलेल्या प्रस्तावांत जो घोळ झाला, त्याची सुरुवात इथे आहे.

त्याआधीचा इतिहास तुटक आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. गुलबर्गा, रायचूर, मेदक त्यात होते. १९४८ पर्यंत हे जिल्हे आणि आपण एकाच हैदराबाद संस्थानात होतो, पण महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासूनचे. शाळेचा निकाल, पटसंख्या, लोकवर्गणीतून बांधलेली खोली असल्या गोष्टींवर आदर्श शिक्षक ठरायचा. माहिती-तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकांसाठी २०१० पासून वेगळा राष्ट्रीय पुरस्कार आला. २०१८ मध्ये मुख्य पुरस्कारांची संख्या पन्नासच्या आत आणली आणि शिक्षकानं स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायची पद्धत सुरू झाली. ज्याला अर्ज भरता येत नाही, तो पहिल्याच पायरीवर बाद. याबद्दल त्या वेळी फारसं कुणी बोललं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. १५ जूनच्या राज्य निर्णयानं पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग नकोत, टीव्ही-रेडिओ चालेल, असं ठरलं. तिसरी ते पाचवीला दिवसाला एक तास. सव्वा महिन्यात, २२ जुलैला, ते बदललं आणि पहिली-दुसरीलाही अर्ध्या-अर्ध्या तासाची सत्रं मान्य झाली. त्याच सुमारास सह्याद्री वाहिनीवर रोजचे पाठ सुरू झाले. कागदावर सगळं ठीक. पण किनवट-माहूरच्या डोंगरातल्या तांड्यावर किंवा बालाघाटाच्या कुशीतल्या वाडीवर रेंजच नाही, घरात एक स्मार्टफोन असला तरी तो बापाच्या खिशात, आणि नेट पॅक संपला की वर्ग संपला. तेव्हा शिक्षकांनी जे केलं ते साधं होतं. पारावर, ओट्यावर पाच-सहा पोरं अंतर ठेवून बसवायची, छापील स्वाध्यायपत्रिका वाटायच्या, आठवड्यानं गोळा करून तपासायच्या. राज्यात काही ठिकाणी गावात स्पीकर लावून धडे ऐकवले गेले.

हे दूरशिक्षण की नाही? माझ्या मते इथेच खरा वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, शिक्षक प्रत्यक्ष वस्तीवर गेला म्हणजे ‘दूर’ राहिलंच काय. हे तर ‘ऑफलाइन’. दुसरी बाजू म्हणते, शाळा बंद असताना जे शाळेच्या बाहेर पोचलं ते सगळं दूरशिक्षण. प्रस्तावाच्या फायलीला मात्र पुरावा लागतो. व्हिडिओची लिंक जोडता येते, किती जणांनी पाहिला तो आकडा दाखवता येतो, ग्रुपचा स्क्रीनशॉट लावता येतो. मोटारसायकलच्या पेट्रोलची पावती कोण लावणार? त्यामुळे चॅनेलवाले गुरुजी पुढे आणि वस्तीवाले गुरुजी मागे, ही तक्रार केंद्र संमेलनात, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी हमखास ऐकू येते. ती पूर्ण न्याय्य नाही. चांगले व्हिडिओ करणाऱ्यांनीही रात्री जागून काम केलं आहे, आणि त्यांचे धडे शेजारच्या तालुक्यातल्या पोरांनाही मिळाले. पण तोलायला तराजू एकच ठेवला तर काटा लिंककडे झुकणार, एवढं नक्की.

त्या वर्षी ५ सप्टेंबरला राष्ट्रीय पुरस्कारही दूरदृश्य प्रणालीनंच दिले गेले. ४७ शिक्षक पडद्यासमोर बसून. डिसेंबरमध्ये लागूनच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाला दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि त्यानं अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली. त्याची ओळख पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची. तो प्रयोग महामारीच्या कितीतरी आधीचा, पण लोकांच्या डोक्यात तो ‘ऑनलाइन शिक्षणाचा’ पुरस्कार म्हणूनच बसला. त्यानंतर क्यूआर कोड, ॲप, चॅनेल असल्यावाचून प्रस्ताव करायचाच नाही, अशी धारणा आपल्याकडेही पक्की झाली.

प्राथमिकचे वर्ग अखेर १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. बीड जिल्ह्यात तोवर कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांवर गेलेला होता. काही पोरं हंगामी वसतिगृहात, काही आई-बापासोबत उसाच्या फडात. शाळा उघडल्या तरी त्यांच्यासाठी गुरुजी दूरच होते.