फेडरेशनमधील पैसा (स्टार ट्रेक)

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथामालेत ‘युनायटेड फेडरेशन ऑफ प्लॅनेट्स’ हा ग्रहसंघ आहे. भूक, गरिबी आणि आपसांतली युद्धे मागे टाकलेल्या या समाजात पैसा चालतो की नाही, याची उत्तरे मालेतच परस्परविरोधी मिळतात.

मूळ मालिकेत (१९६६–६९) पैसा सरळसरळ आहे. ट्रिबल नावाच्या केसाळ प्राण्यांच्या १९६७ मधील भागात एक फिरता व्यापारी ‘क्रेडिट’ या चलनात घासाघीस करतो. पुढे सूर बदलला. १९८६ च्या चित्रपटात विसाव्या शतकात येऊन पडलेला मूळ मालिकेचा नायक कर्क तेविसाव्या शतकात पैसा नसल्याचे सांगतो; १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये कॅप्टन पिकार्ड सांगतो की, माणसे आता संपत्तीसाठी नव्हे, तर स्वतःच्या आणि मानवजातीच्या उन्नतीसाठी काम करतात. ‘व्हॉयेजर’ मालिकेतील १९९९ च्या एका संवादानुसार पैसा बाविसाव्या शतकाच्या अखेरीस गेला आणि फोर्ट नॉक्सच्या सुवर्णकोठाराचे संग्रहालय झाले.

ऊर्जेतून हवी ती वस्तू घडवणाऱ्या रेप्लिकेटर यंत्रामुळे पैसा संपला, असे सर्रास म्हटले जाते. कालक्रम मात्र जुळत नाही. पिकार्डच्या जहाजावर दिसतो तसा रेप्लिकेटर चोविसाव्या शतकातला. पैसा त्याच्या कितीतरी आधी गेलेला. म्हणजे पैसा सोडणे हा मुळात समाजाने घेतलेला निर्णय होता, यंत्राने तो निभावणे सोपे केले. या कल्पनेतली सर्वांत धाडसी गोष्ट हीच आहे, आणि चर्चेत नेमकी तीच मागे पडते.

टंचाई उरते तिथे मोजमाप परत येते. घरापासून दूर अडकलेल्या व्हॉयेजर जहाजावर रेप्लिकेटरचा शिधा ठरवून दिलेला असतो. ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेचा नायक सिस्को याने स्टारफ्लीट (फेडरेशनचे अंतराळदल) अकादमीत शिकताना घरी जेवायला जाण्यासाठी महिन्याभराचे ट्रान्स्पोर्टर (माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे यंत्र) क्रेडिट संपवले होते. संघाबाहेर तर नफ्यालाच धर्म मानणारे फेरेंगी ‘लॅटिनम’ या द्रवरूप धातूत व्यवहार करतात. तो सोन्यात बंदिस्त केलेला असतो आणि त्या सोन्याला स्वतःला किंमत नसते.

या दोन जगांची गाठ ‘डीप स्पेस नाइन’च्या १९९७ मधील एका भागात पडते. वडिलांना आनंद व्हावा म्हणून सिस्कोचा मुलगा जेक याला लिलावातले बेसबॉलचे जुने कार्ड हवे असते, पण माणूस असल्यामुळे त्याच्याकडे लॅटिनम नसते. तो फेरेंगी मित्र नॉगच्या साठवलेल्या पुंजीकडे वळतो. पैशाविना जगण्याचा त्याला अभिमान आहे, तरी दुर्मीळ वस्तूसमोर तो अडतो.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड. पिकार्ड घराण्याचा फ्रान्समधला द्राक्षमळा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहतो. जेकचे आजोबा न्यू ऑर्लिन्समध्ये उपाहारगृह चालवतात. तिथे बिल द्यावे लागत नसेल, तर मोजकी टेबले कोणाला मिळतात आणि तसाच मळा हवा असलेल्या दुसऱ्या माणसाने काय करायचे, हे माला कुठेच स्पष्ट करत नाही.