दवणा की डस्टी मिलर? नाशिकच्या उन्हातली दोन रुपेरी झाडं

दिवाळीच्या आसपास गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये हंगामी रोपांचे ट्रे लागतात. पिटुनिया, डायंथस, साल्व्हिया यांच्या रंगात एखादा ट्रे पांढुरक्या, कातरलेल्या पानांचा असतो आणि कोणीतरी विचारतंच, "दादा, हा दवणा ना?" विकणारा घाईत असला तर "हो ताई, तसलाच" म्हणत रोप पिशवीत घालतो. घरी ते रोप मजेत वाढतं, पांढरंशुभ्र होतं, पण चैत्र उजाडला तरी वासाचा पत्ता नसतो. तो दवणा नसतोच. ते असतं डस्टी मिलर.

उलटंही होतं. कोणाला खरा दवणा मिळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गच्चीभर दरवळतो आणि मग पिवळा पडून वाळायला लागतो. घरचे हवालदिल होतात. पाणी वाढवतात, खत घालतात, कुंडी सावलीत सरकवतात. वास्तविक झाडाला काहीही झालेलं नसतं, त्याचं एका हंगामाचं आयुष्य पुरं झालेलं असतं. नाशिकच्या हवेत ही दोन्ही झाडं उत्तम येतात, पण दोघांचं वेळापत्रक वेगळं आणि उपयोगही वेगळा. एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की निराशा ठरलेली.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण वासाची. पानाचं टोक दोन बोटांत चुरगाळा. दवणा असेल तर गोडसर, फळांच्या अंगाने जाणारा, थोडा औषधी वास लगेच येतो आणि हात धुतल्यावरही बोटांवर रेंगाळतो. डस्टी मिलरला नुसता हिरव्या पाल्याचा वास, तोही बेताचा. नर्सरीत रोप अगदी लहान असलं तरी ही परीक्षा चुकत नाही.

दुसरी खूण स्पर्शाची. डस्टी मिलरचं पान जाड, मांसल आणि मऊ असतं. त्यावर पांढऱ्या लवेचा दाट थर असतो. अंगठ्याने जरा जोर देऊन घासलं तर ही लव निघून येते आणि खालचं साधं हिरवं पान उघडं पडतं. त्या जागी लव परत येत नाही, म्हणून ही परीक्षा आपल्या रोपाच्या खालच्या एखाद्या पानावरच करावी. दवण्याचं पान याच्यापुढे अगदी नाजूक. बारीक दोऱ्यांसारखे त्याचे भाग, रंग पांढरा म्हणण्यापेक्षा राखाडी-हिरवा, आणि लव इतकी आखूड की बोटाला जेमतेम जाणवते. डस्टी मिलर बुंध्यापासून पसरून गच्च गड्डा धरतं. दवणा सरळ उभा वाढतो, फांद्या काढतो आणि ४० ते ६० सेंटीमीटरपर्यंत जातो.

डस्टी मिलरचे दोन प्रकार बाजारात नेहमी दिसतात. 'सिल्व्हर डस्ट'ची पानं जाळीसारखी खोल कातरलेली असतात, 'सिरस'ची रुंद आणि कडेला थोडीच दातेरी. गोंधळ होतो तो 'सिल्व्हर डस्ट'मुळे. 'सिरस' पाहून दवण्याची आठवण कोणालाच होणार नाही. दोन्ही झाडं शेवंतीच्या कुळातली आणि दोघांचीही फुलं पिवळी, त्यामुळे फुलं आल्यावरही काहींचा घोळ कायम राहतो. तेव्हा पाकळ्या पाहाव्यात. डस्टी मिलरच्या फुलाला कडेने छोट्या पिवळ्या पाकळ्या असतात. दवण्याचं फूल म्हणजे बिनपाकळ्यांची इवली पिवळी गुंडी.

आता रंगाविषयी, कारण या झाडांची सगळी निगा त्यातूनच समजते. यांच्या पानात पांढरं रंगद्रव्य वगैरे काही नसतं. पान आतून हिरवंच असतं. वरच्या बारीक केसांमध्ये हवा अडकलेली असते आणि तिच्यामुळे ऊन परतून विखुरतं, म्हणून ते आपल्याला रुपेरी दिसतं. डस्टी मिलरच्या पानावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. केसांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की तेवढा भाग हिरवट दिसायला लागतो, सुकला की पुन्हा पांढरा. ही लव झाडाने कडक ऊन आणि कोरडा वारा सोसायला धरलेली असते. पान कमी तापतं, बाष्पीभवनही आटोक्यात राहतं. म्हणूनच सावलीत ठेवलेलं डस्टी मिलर हळूहळू हिरवट होतं आणि लांबलचक वाढतं. युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं तरी तेच. रुपेरी रंग हवा असेल तर निदान सहा तास ऊन आणि हात राखून खत, याला पर्याय नाही.

पण लवेला उन्हाचं वावडं नसलं तरी साचलेल्या ओलीचं आहे, आणि नाशिकमध्ये नेमकी इथेच गोम आहे. डस्टी मिलर मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ कड्यांवरचं. तिकडे पाऊस पडतो तो थंडीत, उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपल्याकडे बरोबर उलट, जून ते सप्टेंबर उबदार हवेत संततधार. थंड हवेतली ओल हे झाड सहज पचवतं. उबदार ओलीत मात्र मुळं गुदमरतात, बुरशी लागते, पानांच्या लवेत पाणी धरून राहतं आणि मधला गाभाच कुजतो. कोणी "उन्हाने गेलं हो" म्हणालं तर मी आधी विचारते, गेलं कधी? उत्तर बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टच असतं.

दवण्याने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. तो पावसाला तोंडच देत नाही. आपल्याकडचा पाऊस सरल्यावर त्याची पेरणी होते, थंडीत तो वाढतो आणि वळवाच्या आधी त्याचं काम उरकतं. कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडूत तेलासाठी त्याची शेती होते, तिथेही लागवड साधारण नोव्हेंबरमध्ये आणि पीक चार महिन्यांचं. सकाळी दव, दुपारी लख्ख ऊन आणि कोरडी हवा त्याला मानवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकचा डिसेंबर-जानेवारी थेट त्याच माळेतला. निफाडकडे पारा फारच खाली उतरतो, तिथे लहान रोपांवर रात्री जुनं पातळ कापड टाकावं.

दवणा घरी करायचा तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकावं. बी धुळीइतकं बारीक असतं, त्यामुळे चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरायचं आणि वरून मातीचा जाड थर द्यायचा नाही. झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. म्हणून गोणपाट ओलं करून वर अंथरावं किंवा हाताच्या फवारणी-पंपाने बारीक फवारा मारावा. कोंब दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. दीड-दोन महिन्यांची, बोटभर उंचीची रोपं झाली की १५ सेंटीमीटरवर लावायची. दाट ठेवली तरी चालतात, एकमेकांना आधार होतो. शेंडा एकदा खुडला की फांद्या फुटतात, आणि खुडलेलं वाया जात नाही, गजऱ्यात मोगऱ्याशेजारी बसतं. फेब्रुवारीअखेर फुलं धरायला लागतात आणि वास सर्वांत भरलेला असतो तोही तेव्हाच. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत दवण्याला एवढा मान आहे, आणि ज्यांच्या घरचं दैवत जोतिबा आहे त्यांना स्वतःच्या कुंडीतली जुडी वाहता येणं याचं मोल वेगळं सांगायला नको. वाळला तरी त्याचा वास टिकतो, म्हणून शिल्लक फांद्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवाव्यात.

डस्टी मिलर सुगंध देत नाही, पण बागेला बारा महिने रूप देतं. जांभळ्या पिटुनियाच्या किंवा लाल साल्व्हियाच्या पुढे त्याची एक ओळ लावली की ते रंग दुप्पट उठून दिसतात. संध्याकाळी बाकीची बाग काळवंडते, हे मात्र दिसत राहतं. ज्यांना गच्चीत बसायची वेळच ऑफिसनंतर मिळते त्यांच्यासाठी याहून चांगलं पानांचं झाड मला माहीत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलं तर जानेवारीपर्यंत भरून येतं. दुसऱ्या वर्षी फुलांचे दांडे निघतात. फुलं काही खास नसतात आणि झाड त्यात थकतं, म्हणून दांडे लहान असतानाच कापावेत.

मुख्य मेहनत मातीची. शहरात नदीच्या बाजूला आणि अनेक नव्या कॉलन्यांमध्ये भारी काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. त्यात नर्सरीच्या पिशवीतलं कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याच्या भुशातलं) रोप तसंच खोचलं की कोकोपीट स्पंजासारखं भिजलेलं राहतं, भोवती काळी माती पाणी सोडत नाही, आणि मूळ त्या ओल्या गोळ्याबाहेर पडतच नाही. लावताना मुळांभोवतीचं अर्धंअधिक कोकोपीट हलक्या हाताने झाडून टाकावं. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात बारीक मुरूम आणि जाड वाळू भरपूर मिसळावी. कुंडीसाठी मी निम्मी बागेची माती, निम्म्याहून जरा कमी प्रमाणात जाड वाळू किंवा मुरूम आणि ओंजळभर जुनं शेणखत घेते. पाणी रोजच्या नेमाने नाही, वाफसा बघून. बोटाचं एक पेर मातीत घालावं, कोरडं लागलं तरच द्यावं, आणि बुंध्याशी द्यावं, पानांवरून नाही.

मे महिन्यात पारा ४० च्या घरात गेला तरी जमिनीतलं डस्टी मिलर तग धरतं. सिमेंटच्या गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीत मात्र मुळं भाजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि दुपारी तीननंतरची सावली मिळेल असं बघावं. मृग लागायच्या आत कुंड्या छज्ज्याखाली घ्याव्यात, जिथे उजेड भरपूर पण पाऊस अंगावर येत नाही. बशा असतील तर काढून टाकाव्यात. खालची मातीला टेकलेली पानं खुडून बुंधा मोकळा केला की वारा खेळतो. एवढं केल्यावरही काही रोपं जातात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच तीन-चार इंची कलमं वाळूत लावून ठेवावीत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला घर असेल तर सरळ एका हंगामाचं झाड समजून लावावं. तिथल्या पावसात ते जगवण्याचा खटाटोप मला पटत नाही.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. द्राक्षबागांमुळे नाशिककरांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण पांढऱ्या पानावर पांढरा ढेकूण दिसत नाही, हीच अडचण. पानाच्या बेचक्यात कापसासारखी गुठळी, जवळ मुंग्यांची रांग आणि हाताला चिकटपणा अशा खुणा शोधाव्यात. तेलकट फवारणीने लव चिकटून पान कळकट होतं, म्हणून सुरुवातीलाच कापूस स्पिरिटमध्ये बुडवून तेवढीच गुठळी टिपून काढणं बरं.

एका बाबतीत मात्र दोघांतला फरक नुसता बागेपुरता नाही. दवणा देवाला, गजऱ्याला, अत्तराला चालतो. डस्टी मिलरमध्ये यकृताला अपायकारक अल्कलॉइडं असतात. त्याची पानं पूजेच्या ताटात सजावट म्हणून ठेवली आणि निर्माल्य गायीपुढे गेलं, असं होऊ देऊ नका. शेळ्या-गायींना छाटणीचा पाला टाकू नका. आणखी एक. याच झाडाचं जुनं नाव सिनेरारिया मॅरिटिमा, आणि त्या नावाचे होमिओपॅथीचे डोळ्यांचे थेंब मोतीबिंदूवर म्हणून दुकानात मिळतात. पण म्हणून घरच्या झाडाचा रस डोळ्यात घालण्याचा विचारही कोणी करू नये. मोतीबिंदूवर खात्रीचा उपाय शस्त्रक्रियाच आहे, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

त्याच जुन्या नावामुळे बियाण्याच्या पाकिटावरही लक्ष ठेवावं लागतं. नुसतं 'सिनेरारिया' लिहिलेलं असेल तर बहुधा ते निळ्या-जांभळ्या फुलांचं थंडीतलं हंगामी झाड असतं, रुपेरी पानांशी त्याचा संबंध नाही. आणि सह्याद्रीच्या उतारांवरचा ढोरदवणा आणून कोणी दवणा म्हणून दिला, तर पान उलटून पाहा. ढोरदवण्याचं पान वरून हिरवं आणि खालून पांढरं असतं.

दवण्याचं बी घरचं धरता येतं. दोन-तीन चांगली झाडं न खुडता राखावीत. गुंड्या तपकिरी झाल्या की सकाळी, वारा सुटायच्या आत, कागदावर झाडून घ्याव्यात आणि हाताने चोळून बी वेगळं करावं. कागदी पुडीत घालून डब्यात, तांदळाचे चार दाणे टाकून, पावसाळाभर कोरड्या जागी ठेवावं. पुडीवर वर्ष लिहायला विसरू नका. बी जुनं होत गेलं की उगवण झपाट्याने घटते, तेव्हा पेरताना मागच्या चैत्रातलंच बी वापरा.