आणखी एक माणूस घेण्याआधी: सरासरी नको, वाढीव हिशोब करा

भरतीसाठी आमच्याकडे येणारे बरेच मालक एक आकडा तयार ठेवून येतात: एकूण कमाई भागिले माणसे. माणशी कमाई पगारापेक्षा जास्त दिसली की आणखी एक माणूस परवडणारच, असे ते धरून चालतात. मग जाहिरात, मुलाखती, नेमणूक सगळे होते आणि काही महिन्यांत तीच जागा बंद करावी लागते. तुमचे पैसे जातात, आमची मेहनत जाते. सर्वांत जास्त झळ बसते ती हातची नोकरी सोडून आलेल्या उमेदवाराला.

समजा, चार माणसे महिन्याला ४०० कामे उरकतात आणि पाचवा आल्यावर ४६० होतात. सरासरी पडते माणशी ९२. पाचव्याचा सगळा खर्च ७५ कामांतून सुटणाऱ्या पैशाइतका असेल, तर सरासरीच्या हिशोबात तो फायद्याचा दिसतो. पण त्याच्यामुळे वाढलेली कामे फक्त ६० आहेत, म्हणजे दर महिन्याला १५ कामांची कमाई पदरची जाते. यात पाचव्याचा आळस नाही. यंत्र तेच, जागा तीच, देखरेख करणाराही तोच, आणि त्यात हात तेवढे वाढले. अर्थशास्त्रात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात. जॉन बेट्स क्लार्क या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये वेतनाची मांडणी केली तीही शेवटच्या माणसाने घातलेल्या भरीवरच.

उलटही घडते. काम एकाच टप्प्यावर तुंबत असेल, तर तिथे बसवलेला माणूस सरासरीपेक्षा कितीतरी जास्त भर घालतो. अशा वेळी सरासरी बघून भरती टाळणे हेही नुकसानच. म्हणून आम्ही पदाचे नाव विचारण्याआधी काम कुठे अडते ते विचारतो.

खर्चाच्या बाजूला पगाराबरोबर प्रशिक्षण, साधने, भरतीचा खर्च आणि शिकवणाऱ्या जुन्या माणसाचा वेळही धरा. जागेचे भाडे मात्र धरू नका. माणूस आला काय, न आला काय, ते द्यायचेच आहे. मागच्या भरतीवर झालेला खर्चही सोडून द्या, तो आता परत येणार नाही. एक बाब हमखास राहून जाते: नव्याला जास्त पगार देऊन आणले आणि त्यामुळे जुन्यांचेही पगार वाढवावे लागले, तर ती सगळी वाढ या एका नेमणुकीच्या खात्यावर पडते. लाभाच्या बाजूलाही तसेच. वाढीव माल खपवण्यासाठी दर उतरवावा लागला, तर आधीच्या मालावर बसलेली तूट वजा करा.

हिशोब, देखभाल किंवा दर्जा तपासणीसारख्या पदांची भर थेट विक्रीत दिसत नाही. तिथे परत आलेला माल, उशिरा वसूल झालेली बिले, बंद पडलेले तास मोजा आणि त्यातले किती खरोखर वाचेल याचा अंदाज घ्या. अंदाज ढोबळ असला तरी चालतो, फक्त तो वाढीव फरकाचा असावा.

वाढीव खर्च आणि वाढीव लाभ समोरासमोर मांडणारा तक्ता भरल्याशिवाय आम्ही उमेदवार शोधायला घेत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. घाई आम्हालाही कळते. पण तक्त्यातून कधी पूर्ण वेळेऐवजी अर्ध्या वेळेचा माणूस पुरेसा ठरतो, कधी आहेत त्यांनाच थोडा जादा वेळ देणे स्वस्त पडते. तसे दिसले तर आम्ही तसेच सांगतो, आमचे शुल्क बुडाले तरी.

पहिल्या भेटीला येताना अलीकडच्या काही महिन्यांत नाकारलेली किंवा लांबलेली कामे, दर कामामागे माल-वाहतूक वजा जाता सुटणारी रक्कम आणि आता दिला जाणारा जादा कामाचा मोबदला, एवढे आकडे आणा. तक्ता आम्ही तुमच्यासोबत बसून भरतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. गरज पक्की ठरली की त्याच आकड्यांवरून पगाराची वरची मर्यादा निघते आणि त्या मर्यादेत बसणारेच उमेदवार आम्ही तुमच्यासमोर आणतो.