खुब्याच्या शस्त्रक्रियेत ट्रानेक्झॅमिक ॲसिड

उतारवयात मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया करताना रक्त कमी जावे म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध. शस्त्रक्रियागृहात त्याला ‘ट्रानेक्सा’ किंवा ‘टीएक्सए’ म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत हेच औषध अंगावरून जास्त जाते तेव्हाची गोळी म्हणून बायकांच्या ओळखीचे आहे. हाडांच्या विभागात त्याचा शिरकाव त्यामानाने उशिरा झाला.

जखम झाली की रक्तात फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि रक्त गोठते. त्याच वेळी ही जाळी विरघळवणारी यंत्रणाही जागी होते. प्लास्मिनोजेन हे प्रथिन फायब्रिनला चिकटते, त्याचे प्लास्मिन होते आणि गुठळी सुटू लागते. आधी हाड मोडणे आणि मग त्यावर शस्त्रक्रिया, असे दोन आघात लागोपाठ झाले की ही विरघळण्याची क्रिया आणखी जोर धरते. ट्रानेक्झॅमिक ॲसिडची रचना लायसिन या अमिनो आम्लासारखी असल्याने प्लास्मिनोजेनच्या चिकटण्याच्या जागा ते अडवून धरते. औषध नवी गुठळी करत नाही, झालेली टिकवते. त्यामुळे कापली गेलेली रक्तवाहिनी सर्जनला बांधावी किंवा जाळावी लागतेच.

उताको व शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये हे औषध जगापुढे आणले. उताको यांच्या मनात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रिया होत्या, पण बाळंतपणातील रक्तस्रावावरची मोठी चाचणी, ‘वुमन’, पूर्ण व्हायला २०१७ उजाडले. त्याआधी २०१० मध्ये अपघातग्रस्तांवरील ‘क्रॅश-२’ चाचणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. औषध लवकर मिळालेल्यांतले मृत्यू कमी झाले. तीन तासांनंतर दिल्यास मात्र फायदा राहिला नाही, उलट नुकसानाची शक्यता दिसली.

या तीन तासांच्या अटीवरून विदर्भात हमखास गोंधळ होतो. शेणाने सारवलेल्या ओसरीवर किंवा मोरीत घसरलेली आजी त्याच दिवशी दवाखान्यात येईलच असे नाही. आधी हाडवैद्य येतो, तेल लावतो, बांबूच्या कामट्या बांधतो. मग पैशांची आणि गाडीची जुळवाजुळव. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, धारणीहून अमरावती मेळघाटचा घाट ओलांडून दीडशेच्या आसपास. चार-आठ दिवस उलटून गेलेले असतात, आणि ‘आता ट्रानेक्साची वेळ गेली’ असा समज होतो. पण तीन तासांची अट अपघाताच्या रक्तस्रावासाठी आहे. शस्त्रक्रियेतला रक्तस्राव नव्याने सुरू होतो, आणि औषध त्वचेवर छेद घेण्याआधी दिले जाते. उशिरा आलेल्या रुग्णालाही त्याचा उपयोग होतो. फक्त अंथरुणात पडून पायाच्या शिरेत आधीच गुठळी झाली आहे का, हे अशा रुग्णात जास्त काळजीने पाहावे लागते.

किती रक्त जाईल, हे हाड कुठे मोडले यावर ठरते. सांध्याच्या आवरणाच्या आत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेशी (गोळ्याखालच्या अरुंद भागात) मोडले तर रक्त आवरणातच बरेचसे कोंडले जाते; अशा वेळी बहुधा ‘बायपोलर’ हा कृत्रिम गोळा बसवतात. आवरणाबाहेर, ट्रोकँटरच्या म्हणजे मानेखालच्या उंचवट्याच्या भागात मोडले तर रक्त मांडीच्या स्नायूंत पसरत राहते. तिथे हाडाच्या आत पीएफएन ही धातूची नळी किंवा बाहेरून डीएचएस ही स्क्रूची पट्टी बसते. नळीसाठीचे छेद लहान असतात, कापसाचे बोळे फारसे भिजत नाहीत, आणि नातेवाइकांना ‘रक्त गेलंच नाही’ असे वाटते. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन मात्र धाडकन खाली आलेले असते. या न दिसणाऱ्या रक्तस्रावाची बेरीज एका लिटरवरही जाते. म्हणून बोळे मोजून समाधान मानू नये, दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट पाहावा.

‘रगत लागन काय जी?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या जवळ रक्तपेढी नसते, फार तर साठवण केंद्र असते. पिशवी जिल्ह्याच्या गावाहून आणायची, बदल्यात रक्तदाता शोधायचा, आणि मे महिन्यात शिबिरेच आटतात. म्हाताऱ्या माणसाचे हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेआधीच नऊ-दहावर असेल तर एका पिशवीने दोन दिवस खोळंबा होतो, आणि खुब्याच्या रुग्णाला अंथरुणातला प्रत्येक दिवस महाग पडतो. दोन अँप्युलचे (काचेच्या छोट्या कुप्यांचे) हे स्वस्त औषध इथे शहरापेक्षा जास्त मोलाचे आहे, ते यामुळे.

प्रौढांत साधारण १ ग्रॅम, किंवा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सुमारे दहा मिनिटांत सावकाश शिरेतून देतात. शस्त्रक्रिया लांबली तर दुसरा डोस देता येतो. आपल्याकडे ५०० मिलिग्रॅमचे ५ मिलीलिटरचे अँप्युल मिळते. काही सर्जन औषध जखमेतच ओततात. औषध जवळपास सगळे लघवीवाटे, न बदलता बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहिल्याशिवाय डोस ठरवू नये. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी जुन्याच आहेत; तिथे ही तपासणी सोडून चालणार नाही. फिट्सचा त्रास असेल किंवा नुकतीच शिरेत गुठळी, अर्धांगवायू वा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर भूलतज्ज्ञ व सर्जन मिळून निर्णय घेतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या रक्ताला गुठळ्या होण्याची प्रवृत्ती मुळातच असल्याने त्यांना सरसकट हे औषध देऊ नये.

पुराव्याची कहाणी सरळ नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११० रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत रक्त द्यावे लागणाऱ्यांचे प्रमाण ६० वरून ४२ टक्क्यांवर आले. पण सहा आठवड्यांत रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती औषध घेतलेल्यांत १६ टक्के, न घेतलेल्यांत ६ टक्के आढळल्या. रुग्ण थोडे असल्याने हा फरक निर्णायक ठरला नाही, तरी हाडांचे डॉक्टर बरीच वर्षे बिचकत राहिले. पुढच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत रक्त देण्याची गरज घटलेली दिसली, गुठळ्या वाढल्याचे दिसले नाही. अमेरिकी अस्थिशल्य अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शनात खुब्याच्या शस्त्रक्रियेत हे औषध देण्याची ठाम शिफारस केली. हृदय वगळता इतर शस्त्रक्रियांवरील २०२२ च्या ‘पॉइझ-३’ चाचणीतही (९,५३५ रुग्ण) रक्तस्राव कमी झाला, पण हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या बाबतीत औषध तितकेच सुरक्षित आहे हे काटेकोरपणे सिद्ध करता आले नाही. सरसकट नकार आता पटत नाही. डोळे झाकून देणेही नाही.

खरा धोका बहुतेक वेळा औषधात नसतो, ट्रेमध्ये असतो. खुब्याची शस्त्रक्रिया बहुधा कमरेत सुई देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन होते. भुलीचे ब्युपिव्हाकेन आणि ट्रानेक्साचे अँप्युल दिसायला सारखे असू शकते. घाईत चुकून ट्रानेक्सा कण्यात गेले तर पाठीत आणि पायांत असह्य वेदना होतात, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. नोंद झालेल्या अशा घटनांत निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल जगभर इशारा दिला. एकाच सिस्टरवर दोन टेबलांचा भार असलेल्या लहान रुग्णालयात उपाय बिनखर्ची आहे: ट्रानेक्सा भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचेच नाही, ते दुसऱ्या कपाटात ठेवायचे आणि स्पायनल झाल्यावरच काढायचे, फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचे. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी पोटावरची इंजेक्शने ट्रानेक्सा दिले म्हणून बंद करत नाहीत, आणि रुग्णाला शक्य तितक्या लवकर वॉकर धरून उभे करतात.